अंड्यावरची बदकं

बदकं पाळणाऱ्याच्या घरी दोन गोष्टी न मागता साठत जातात. एक पिसं आणि दुसरे किस्से. पिसं निदान झाडूनं लोटता तरी येतात. किस्से मात्र बाजारात, एसटी स्टँडवर, लग्नाच्या पंगतीत, कुठंही गाठ पडली की बाहेर येतात. परवा एका तेराव्याला गेले होते, तिथं पण दोघीजणी कोपऱ्यात पदर तोंडाला लावून हसत होत्या. विषय काय, तर आमची बदकं!

मी भोरजवळच्या उत्रोलीची. घरची भातशेती, आणि काम पशुसखीचं. म्हणजे स्कूटी घेऊन गावोगाव हिंडायचं, कोंबड्यांना लस टोचायची, शेळ्यांना जंताचं औषध पाजायचं. मध्ये एका ट्रेनिंगमध्ये बदकपालन शिकून आले आणि दारात थोडी बदकं सोडली. खाचरातल्या गोगलगायी खातात, कोंबड्यांसारखी उठसूट आजारी पडत नाहीत आणि अंडी भरपूर. माझं बघून आणखी चौघांनी घेतली. शेजारच्या शालनवहिनी, भोरचे मिलिंददादा, विंझरचे नाना आणि पानशेतचा दत्ता. आमचा व्हॉट्सॲप ग्रुप आहे, त्याचं नाव 'अंड्यावरची बदकं'. पिल्लू मोठं होऊन अंडी द्यायला लागलं की आमच्याकडं 'अंड्यावर आलं' म्हणतात. लोकांच्या ग्रुपवर सकाळी गुलाबाची फुलं येतात, आमच्या ग्रुपवर टोपलीचे फोटो.

नवीन माणसाचा पहिला प्रश्न ठरलेला. "ताई, जास्त अंडी देणारी जात कंची?"

माझं उत्तरही ठरलेलं. "खाकी कॅम्पबेल."

मग माणूस मान डोलावतो, "बराबर हाय" म्हणतो आणि स्वतःच्या मनात असतं तेच घेतो.

*

शालनवहिनींचंच बघा. पिल्लं मागवायच्या आधी त्यांच्या ओट्यावर मीटिंग घेतली. मोबाईलवर फोटो दाखवले. ही खाकी, रंगानं मातकट, पण अंड्यांना एक नंबर. ही रनर, बाटलीसारखी उभी चालते, हिचीही अंडी चांगली. आणि ही पेकीन, पांढरीशुभ्र, अंगानं भरलेली. ती मटणाला बरी, अंडी कमी.

वहिनींनी पेकीनवर बोट ठेवलं. "ही."

"वहिनी, तुम्हाला अंडी पाहिजेत ना? मग दिसण्यावर जाऊ नका."

"सून बघाया गेलो तवाबी सगळे मला ह्येच म्हणले," वहिनी म्हणाल्या. "दिसण्यावर जाऊ नका. न्हाई गेले बाई! आता निदान बदकात तरी जाऊ द्या की!"

सून चहाचा ट्रे घेऊन मागंच उभी होती.

त्या दिवशी चहात साखर नव्हती. कुणाच्याच!

*

विंझरच्या नानांनी मात्र माझं ऐकलं. सत्तरीला आलेला माणूस, बोलणं मोजकं, आवाज चढा. त्यांना 'खाकी' हे नावच आवडलं. "खाकी म्हंजी शिस्तीची आसणार," म्हणाले आणि खाकी कॅम्पबेल घेऊन गेले. घरी ते आणि हिराकाकू दोघंच. लेकीचं लग्न होऊन ती पुण्याला. काकूंना बदकांचा लळा लगेच लागला.

पिल्लं मोठी झाली. माद्या अंड्यावर येण्याचे दिवस भरले, उलटून गेले, तरी ग्रुपवर नानांचा फोटो येईना. एक दिवस फोन आला. "ताई, तुमी बोगस जात दिली. एकबी अंडं न्हाई. नुसतं खाऊन माजल्यात!"

मी विंझरला गेले. बदकं तर चांगली टणक. विचारलं, "नाना, सकाळी बाहेर कधी सोडता?"

"उजाडायच्या आत. शेतकऱ्याच्या घरात तांबडं फुटल्यावर कोण झोपून ऱ्हातंय?"

मी सरळ घरामागच्या ओढ्यावर गेले. पाणी घोट्याएवढं आणि नितळ. तळाला गोट्यांमध्ये अंडीच अंडी पडलेली! काही हिरवट, काही पांढरी, काही शेवाळ धरलेली. बदक अंडी देतं ते पहाटे आणि सकाळी. तेवढा वेळ कोंडून ठेवायचं, ऊन वर आलं की सोडायचं. नाना त्यांना आधीच सोडत होते आणि ती ओढ्यात डुंबता डुंबता मोकळी होत होती.

नानांनी पाण्यात वाकून बघितलं. मग कंबरेवर हात ठेवून म्हणाले, "आवो, मग ड्युटीचा टाइम आधी सांगायचा व्हता ना!"

*

मिलिंददादा एसटीतून रिटायर झालेले कंडक्टर. भोर-पुणे, भोर-वेल्हे, भोर-महाड, सगळे रूट तोंडपाठ. त्यांनी रनर घेतली. का, तर फोटोतली बदकं ताठ उभी होती.

"उभ्यानं प्रवास करणारी जात हाय. आपल्याला सवय हाय ह्यांची."

दादांचं घर रस्त्याच्या अलीकडं आणि ओढा पलीकडं. रोज सकाळी ते रनरची रांग घेऊन रस्ता ओलांडायचे. मागून टाळ्या वाजवत, "चला, पुढं सरका, पुढं सरका! मधी जागा हाय!" आणि ती बदकं खरंच माना वर करून पुढं सरकायची.

एकदा नेमकी महाडकडून गाडी आली. करकचून ब्रेक. खिडक्यांतून डोकी बाहेर. ड्रायव्हर दादांच्याच डेपोतला निघाला. त्यानं वरून विचारलं, "काय मास्तर, किती सीट?"

दादांनी मागं वळूनही बघितलं नाही. "सीट कुठली? सगळी स्टँडिंग!"

*

दादांचाच आणखी एक.

दादा एका नातेवाइकाला द्यायला म्हणून खुराड्यात रनर घालून स्टँडवर बसले होते. बाजूला एक फेटेवाले गृहस्थ येऊन टेकले. खुराड्यात वाकून बघितलं, दादांकडं बघितलं आणि सहज विचारलं, "जात कंची?"

दादा म्हणाले, "माझी का बदकांची?"

गृहस्थ गडबडले. आजूबाजूची चार माणसं एकदम शेंगा खायची थांबली. "न्हाई न्हाई, बदकांची वो! बदकांचीच!"

"मग सांगतो. इंडियन."

"आन् फुडं?"

"रनर," दादा म्हणाले. "म्हंजी, कुणी 'फुडं काय' इचाराय लागलं की पळतच सुटत्यात!"

पहिल्यांदा कोण हसलं असेल, तर ते फेटेवाले! त्यांनी शेंगांची पुडी दादांपुढं केली. गाडी येईपर्यंत दोघं बदकांवरच बोलत होते. पुढच्या खेपेला रनरची पिल्लं मागायला ते माझ्याकडं आले.

*

पानशेतला दत्ताचं हॉटेल आहे, धरणाच्या पाण्याजवळ. शनिवार-रविवारी पुण्याची माणसं येतात, पिठलं-भाकरी, चिकन-भाकरी खातात. दत्ताच्या डोक्यात आलं की मेन्यूत बदकाच्या अंड्याचं ऑम्लेट ठेवायचं. "खाकीच्या माद्या घे," मी सांगितलं होतं. पण त्याला दम कुठला? दारावरून टेम्पो चालला होता, त्यात मोठी झालेली खाकी बदकं. टेम्पोवाला म्हणाला, "अंड्यावर आलीच समजा." दत्तानं टेम्पो निम्मा रिकामा केला.

थोड्या दिवसांनी मी तिकडं गेले, तर दत्ता खूश. "ताई, लई गुणी बदकं हायती. आवाज म्हणून न्हाई! गिऱ्हाइकाला काय तरास न्हाई."

आवाज नाही म्हटल्यावर मला शंका आली. बदकांत मादी कलकलाट करते, नर घसा बसल्यासारखा नुसता फसफसतो. मी जाऊन शेपट्या बघितल्या. प्रत्येकाच्या शेपटीवर वर वळलेलं कुरळं पीस. नराची खूण!

"दत्ता, एकही मादी नाही रे ह्यात. सगळे नर दिलेत तुला."

आत चुलीपुढं त्याची बायको भाकऱ्या थापत होती. ती तिथूनच ओरडली, "तरीच म्हणलं! दिसभर पाण्यात पडून ऱ्हात्यात, काम शून्य, आन् जेवायच्या टायमाला पयले हजर!"

दत्तानं माझ्याकडं बघितलं. मी पाण्याकडं बघितलं.

*

आता हसण्यासारखं नाही असं एक सांगते, कारण तेही आमच्याच ग्रुपमधलं आहे.

एका पावसाळ्यात मिलिंददादांच्या घरात मक्याचा भरडा ओला झाला. वरून वाळलेला दिसत होता, आत बुरशी. बदकाला बुरशीचं खाद्य म्हणजे विषच. कोंबडी एखादवेळ निभावून नेते, बदक नाही. दादांना ते माहीत होतं, पण पोत्याच्या आत हात घालून कोण बघतं? दोन दिवसांत रांगेतली बरीचशी बदकं गेली.

मी पोचले तेव्हा दादा परसात खड्डा बुजवून हातपाय धूत होते. मला म्हणाले, "ताई, इतकी वर्सं नोकरी केली, पण अशी भरल्या गाडीतनं माणसं मधीच उतरलेली न्हाई बघितली." उरलेली बदकं दारात उभी होती, रस्त्याकडं माना करून. त्या दिवशी त्यांना पलीकडं कुणी नेलं नव्हतं.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं की दादांची बदकं गेली. पुढच्या बाजाराच्या दिवशी शालनवहिनी पिशवीत दोन पेकीन घेऊन आल्या. नाना विंझरहून एसटीनं खाकीची जोडी घेऊन आले, मांडीवर धरून. दत्तानं पण आणली. अर्थात नर! दादा म्हणाले, "आता हे काय? सगळ्या जातींची मिसळ झाली."

"व्हऊ द्या," नाना म्हणाले. "पाणी एकच हाय न्हवं?"

आता सकाळी पुढं दोन-चार रनर ताठ चालतात आणि मागं बाकीची लवंडत, डुलत येतात. रस्ता ओलांडायला दुप्पट वेळ लागतो. दादा म्हणतात, "एक्स्प्रेसची पॅसेंजर झाली. पण गाडी चालू हाय."

*

पुन्हा शालनवहिनींकडं.

जास्त अंडी देणाऱ्या बदकांत एक खोड असते, ती खुडूक बसत नाहीत. अंडं दिलं की काम संपलं, उबवायचं कुणीतरी दुसऱ्यानं. पेकीनची अंडी पुरेनात, तशी वहिनींनी शेवटी माझ्याकडून खाकीची अंडी नेली आणि कोंबडीखाली ठेवली. कोंबडीची पिल्लं तीन आठवड्यांत निघतात, बदकाची चार. तीन आठवडे झाले, काहीच निघेना, तशी कोंबडी उठली आणि अंग झाडून चालती झाली. वहिनींनी पळापळ करून दुसरी खुडूक कोंबडी आणून बसवली. तिच्याखाली पिल्लं निघाली.

आणि मग पहिली परत आली! दोघींची जुंपली. पिसं उडायला लागली. पिल्लं माझी का तुझी! वहिनी मध्ये पडून वैतागल्या. मला हाका मारून बोलवलं. "बघा तरी ओ! एकीनं ऊब दिली, एकीनं बाहेर काडलं. ह्या हितं एकमेकींचं डोकं फोडत्यात, आन् पोरं बघा कुठं हायती!"

पिल्लं धुण्याच्या बादलीत पोहत होती. त्यांना दोघींचंही काही पडलेलं नव्हतं.

सून दारात टेकून बघत होती. हळूच म्हणाली, "आपल्या घरात तरी काय येगळं हाय, आत्या?"

आत नातू मोबाईलवर गेम खेळत होता.

वहिनींनी सुनेकडं बघितलं. मग अशा हसल्या की ओट्यावर बसावंच लागलं त्यांना. सून आत गेली आणि चहा घेऊन आली. गोड!

*

शेवटचा नानांचा.

मागच्या हिवाळ्यात हिराकाकूंचं पिशवीचं ऑपरेशन निघालं. पुण्याला झालं आणि लेकीकडंच राहायचं ठरलं. नाना ऑपरेशनला गेले आणि दुसऱ्या दिवशी परत आले. दारात म्हैस आणि बदकं, बघणारं दुसरं कुणी नाही. निघताना काकूंना काय म्हणाले, तर "औषिदं येळंवर घी." बास. दोघांचा संसार असाच. काकूंना त्यांनी नावानं हाक मारलेली मी तरी ऐकली नव्हती. "आगं ए" एवढंच.

ऑपरेशन चांगलं झालं. पण काकू काही उठेनात. डॉक्टर म्हणायचे चाला, खा. त्या भिंतीकडं तोंड करून पडून राहायच्या. लेकीचा, वैशालीचा, मला फोन आला. "ताई, आई बोलतच नाही. दोन घास खाल्ले की ताट सारते. म्हणते, माझ्यावाचून कुणाचं काय अडलंय? तुमचं तरी ऐकेल."

मी बोलून बघितलं. "व्हय, व्हय" म्हणून काकूंनी फोन ठेवला.

इकडं नानांची वेगळीच तक्रार. बदकं अंडी देईनात. आता मात्र वेळ पाळत होते, खाद्यही बरोबर घालत होते. पण बदक हा भित्रा जीव. रोजचं माणूस बदललं, हाक बदलली, तरी अंडं चोरतो. काकू त्यांना "या गं बायांनो, या या या!" म्हणून बोलवायच्या. नाना पाटी आदळून "चला!" म्हणायचे.

मी विंझरला गेले आणि म्हटलं, "नाना, काकूंना फोन लावा. स्पीकरवर ठेवा. त्यांना हाक मारू दे."

"बदकास्नी फोन?" नाना म्हणाले. "गावात त्वांड दाखवाय जागा ऱ्हाईल का?"

तरी मीच लावला आणि नानांच्या हातात दिला. वैशालीनं फोन काकूंच्या कानाला लावला. मी सांगितलं, "काकू, बदकं रुसलीत. एकदा बोलवा त्यांना."

पलीकडून अगदी बारीक आवाजात, "या गं बायांनो..."

बदकांनी माना वर केल्या. काकूंनी जरा मोठ्यानं म्हटलं, "या या या!" तशी सगळीच्या सगळी कलकलाट करत नानांच्या हातावर धावून आली. एकीनं मोबाईललाच चोच मारली. नाना मागं सरताना खाद्याच्या पाटीत बसले! काकूंना ते दिसलं नाही, पण नानांच्या शिव्या ऐकू गेल्या असणार. पलीकडून आवाज आला, "आगं बया... हासवू नका, टाकं दुकत्यात!"

मग रोज सकाळी फोन व्हायला लागला. वैशाली सांगायची, आई आता उजाडलं की उठते. घरात रेंज नीट येत नाही म्हणून भिंतीला धरून गॅलरीपर्यंत चालते. तिथं उभी राहून ओरडते, "या गं बायांनो!" सोसायटीतली माणसं वर बघतात. आणि जेवतेही. म्हणते, मला लवकर बरं व्हायला पाहिजे, तिकडं बदकांचे हाल चाललेत.

मी कामात होते. पुष्कळ दिवस विंझरला जाणं झालं नाही. मग एकदा लस द्यायच्या फेरीला सकाळीच निघाले आणि न कळवता नानांकडं थांबले. पुढच्या दारात कुणी नव्हतं. मागून बोलण्याचा आवाज येत होता म्हणून खुराड्याकडं गेले.

नाना माझ्याकडं पाठ करून दगडावर बसले होते. मोबाईल कानाला. बदकं चरायला गेली होती. नानांच्या पायाशी पाटी होती, पेंढ्यावर अंडी रचलेली. अगदी काठोकाठ! एक अंडं तर त्यांच्या हातातच होतं, बोलता बोलता धोतराच्या सोग्यानं पुसत होते.

"न्हाई, आजबी न्हाई," नाना फोनवर सांगत होते. "एकसुदिक न्हाई. सकाळपास्नं हुडकतुया... खात्यात, खात्यात तशी. पर मन लागत न्हाई त्यांचं. घर खायाला उठतंय त्यास्नी... व्हय. तू आल्याबिगार काय खरं न्हाई, हिरा."

माझ्या पायाखाली पाचोळा वाजला. नानांनी वळून बघितलं. मी पाटीकडं बघितलं. त्यांनीही बघितलं.

त्यांनी मोबाईल छातीशी दाबून धरला आणि हळू आवाजात म्हणाले, "ताई, ही पाटी तुमी घिऊन जावा. ती यायच्या आत."